पाच खाचांचा शॉकअप

श्रीगोंद्यात भल्या पहाटे सगळ्यात जास्त उठाबशा कोण काढतं, तर दूधवाल्याच्या स्प्लेंडरचे मागचे दोन शॉकअप. तालमीतली पोरं त्यांच्यानंतर. वस्तीवरून निघायचं, ओढ्यातून वर यायचं, उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून वाट काढत डेअरी गाठायची. एवढ्या वाटेत या जोडीच्या किती बैठका होतात याची मोजदाद नाही. त्याबद्दल खुराक तर सोडाच, कुणी साधं फडकंही मारत नाही. गाडी धुणारा टाकी पुसतो, हेडलाइट पुसतो, दादांचा नाहीतर देवाचा स्टिकर पुसतो. शॉकअपवर पाण्याचा एक झोत मारला की संपलं.

मला हा गडी पहिल्यापासून आवडतो. उंची दीड वीत. अंगावर स्प्रिंगचे वेटोळे, आत एक नळी, नळीत तेल, तेलात खालीवर होणारा दांडा. वरचा डोळा सीटखाली बोल्टनं टांगलेला, खालचा डोळा मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला. वर माणूस, खाली खड्डा, आणि मध्ये हा. वरच्याला खालची बातमी जशीच्या तशी कळू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम.

स्वभावानं हा एक नाही, दोन आहेत. बाहेरची स्प्रिंग तापट. तिला जेवढं दाबाल तेवढं ती परत देणार, आणि एकदा देऊन थांबणार नाही, पुन्हा पुन्हा देत राहणार. आतलं तेल शांत. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं असतात, आणि त्या भोकांतून तेलाला घाईनं जाता येत नाही. स्प्रिंग उसळायला निघाली की तेल म्हणतं, दमानं. त्या ओढाताणीत धक्क्याचा जोर उष्णतेत जातो. खराब रस्त्यावरून लांबून आलेल्या गाडीच्या शॉकअपची नळी हातानं चाचपून बघा, कोमट लागते. तुमच्या मणक्यात जाणारं ते सगळं तिथं जिरलेलं असतं.

तेल गळालं की घरातला मोठा माणूस गेल्यासारखी अवस्था होते. स्प्रिंगला आवरायला कुणी उरत नाही. मिस्तरी लोकांची तपासणी सोपी असते. सीटचा मागचा भाग दोन्ही हातांनी खाली दाबायचा आणि सोडायचा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप जिवंत. दोन-तीन डुलक्या घेत बसली तर गेला. दांड्यावर तेलाचा ओघळ आणि ओघळावर चिकटलेली धूळ दिसली, तर दाबायचीही गरज नाही.

आता त्याच्या अंगावरचा खरा दागिना. स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं असतं आणि कड्याला जिन्याच्या पायऱ्यांसारख्या पाच खाचा असतात. कंपनी जाहिरातीत आणि माहितीपुस्तिकेत त्याला पाच टप्प्यांत बदलता येणारं सस्पेन्शन म्हणते. टूलकिटमधला वाकडा पाना कड्यात अडकवायचा, फिरवायचं, की स्प्रिंगचं बूड एक पायरी वर चढतं. एकटा माणूस असेल तर पहिली खाच, मागं माणूस बसला तर दुसरी-तिसरी, ओझं असेल तर त्याहून वरची. म्हणजे मोटारींच्या शर्यतीतली माणसं ज्या सोयीपायी रात्र रात्र जागतात, ती सोय आपल्याकडं गावागावांत दुधाच्या गाडीखाली लोंबकळत असते. आणि बहुतेकांना ती ठाऊकही नसते. वाकडा पाना तर गाडी घेतल्यावर पहिल्या पावसाळ्यातच हरवतो.

दुधाचा हिशोब करून बघू. चाळीस लिटरच्या दोन किटल्या म्हणजे ऐंशी लिटर दूध. दूध पाण्यापेक्षा जरासं जड, तेव्हा दुधाचेच ब्याऐंशी किलो. किटल्यांचं आणि त्या टांगायच्या लोखंडी सांगाड्याचं वजन धरलं तर नव्वदीच्या पुढं. स्प्लेंडरचं स्वतःचं वजन ११२ किलोच्या आसपास. म्हणजे जाताना गाडी जवळजवळ दुसरी गाडी पाठीवर घेऊन जाते, तीही सगळी मागच्या चाकावर, आणि येताना रिकामी उड्या मारत येते. रोज एकदा, काहींच्या बाबतीत दोनदा, ओझ्यात एवढा फरक पडणारं वाहन दुसरं शोधून दाखवा. पाच खाचा खऱ्या अर्थानं कुणासाठी असतील तर या माणसासाठी. पण तो त्या कधी फिरवत नाही.

फिरवत नाही म्हणून काय होतं ते संध्याकाळी नगर-दौंड रस्त्याला उभं राहिलं की दिसतं. समोरून येणाऱ्या भरलेल्या मोटारसायकलीचा हेडलाइट आपल्या डोळ्यात येतो. आपण म्हणतो, डिपर द्यायची अक्कल नाही. अक्कल असते हो, डिपरही दिलेला असतो. गाडी मागून इतकी बसलेली असते की तोंड आभाळाकडं झालेलं असतं. पुढचं चाक हलकं, हँडल भिरभिरतं. शॉकअपची बरीचशी चाल ओझ्यानंच खाल्लेली, त्यामुळे मोठा खड्डा आला की दांडा तळाला टेकतो आणि ठोका थेट सांगाड्यावर बसतो. सांगाड्याची वेल्डिंग तुटते. मग वेल्डिंगवाला जाड पट्टी मारून देतो, आणि पुढच्या महिन्यात पट्टीशेजारी तुटते.

काष्टीकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात अशीच एक गाडी समोर उलगडताना बघितली. मागची बाजू डावीकडं ओढते अशी तक्रार होती. मिस्तरींनी कड्यावरचा वाळलेला चिखल स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला, रॉकेलचा बोळा फिरवला, तारेचा ब्रश मारला. चिखलाखालून पिवळट गंज निघाला आणि गंजाखालून खाचा. डावा पहिल्या खाचेवर, उजवा तिसऱ्या. कधीतरी कुणीतरी एक बाजू फिरवली, दुसऱ्या बाजूचं कडं अडकलं, आणि तिथंच सोडून दिलं. तेव्हापासून उजवा उचलून धरत होता, डावा बसत होता, आणि मधला चिमटा दोघांच्यात पिळवटत होता. मिस्तरींनी गंजावर तेल सोडलं, पान्यावर पाय दिला, कडं कुरकुरत फिरलं. मालकाला विचारलं, “कितीवर ठेवू?” मालक म्हणाला, “ठेवा तुम्हाला बरं वाटेल तिथं.” ज्याच्या पाठीचा प्रश्न, त्याचंच हे उत्तर!

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण तो दुधाच्या गाडीपासून लाखांच्या गाड्यांपर्यंत सगळीकडं सारखाच आहे. खाच वर चढवली की शॉकअप कडक होतो, असं जो तो सांगतो. तसं होत नाही. साधी, सारख्या वेटोळ्यांची स्प्रिंग असेल तर तिचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा घेर आणि वेटोळ्यांची संख्या यांनी ठरतो. ती कारखान्यातून जशी निघाली तशीच राहणार. खाच वर केल्यानं ती आधीच थोडी दाबून बसवली जाते. त्यामुळे तेवढ्या ओझ्यापर्यंत ती हलत नाही, आणि तेच ओझं गाडी आता जरा उंच धरते. चाल शिल्लक राहते, तोंड आभाळाकडं जात नाही. रिकाम्या गाडीला पाचवी खाच दिली तर ती हलक्या ओझ्याला जागची हलत नाही, बारीकसारीक दगडही सीटपर्यंत पोचतो. म्हणून कडक वाटते. कड्याचं काम उंची सांभाळण्याचं आहे. कडकपणा हवा असेल तर स्प्रिंग बदलावी लागते, आणि उसळी आवरायची असेल तर तेलाचं दार लहानमोठं करावं लागतं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या या गड्याला त्यातली एकच येते, पण ती चोख येते.

जन्मानं हा बहुतेक वेळा आपल्याच बाजूचा. गॅब्रिएल इंडिया १९६१ साली मुंबईत मुलुंडला सुरू झाली. पुढं नाशिक, चाकण असा तिचा पसारा वाढला, आणि गाडीचा शॉकअप म्हणजे गॅब्रिएल असं मिस्तरींच्या तोंडी बसलं. दुसरं मोठं घराणं संभाजीनगरच्या वाळूजचं, एन्ड्युरन्सचं. बजाजच्या गाड्यांखाली त्यांचा माल भरपूर. बजाजनं तर आपल्या गाड्यांत स्प्रिंगच्या आत स्प्रिंग घातली आणि तीच त्यांची ओळख केली. पल्सरच्या शॉकअपला बाजूला एक छोटी डबी चिकटवली, तिच्यात नायट्रोजन. पोरांना ती डबी दिसायला भारी वाटते, पण तिचं कारण साधं आहे. तेल सारखं घुसळलं की त्यात फेस येतो, फेसाला भोकातून जायला कष्ट पडत नाहीत, मग शॉकअप फुसका होतो. वायूचा दाब ठेवला की फेस धरत नाही. नगरच्या आसपास रणगाडे बघत वाढलेल्या लोकांना सांगतो, अर्जुन रणगाड्याच्या सस्पेन्शनमध्येही पोलादी स्प्रिंगच्या जागी नायट्रोजनच दबलेला असतो.

तालुक्यात याचे भाऊबंद बरेच आहेत. छोटा हत्ती टेम्पोच्या मागच्या चाकावर शॉकअपच्या जोडीला पाटे असतात. लिंबाच्या गोण्यांनी छोटा हत्ती भरला की पाटे सपाट होतात. मग मालक पाटेवाल्याकडं जाऊन एक पाटा वाढवून घेतो. आपल्याकडची सस्पेन्शनची निवड ही एवढीच. एक पाटा जास्त की कमी. पाट्यांचं एक बरं असतं. ते एकमेकांवर घासतात, त्या घासण्यातच बरीचशी उसळी मरते. वाईट एवढंच की वाढवलेला पाटा कुणी परत काढत नाही. हंगाम संपतो, गाडी रिकामी फिरते, आणि मागं बसलेल्या बायाबापड्या वर्षभर त्या एका पाट्याची किंमत भरतात. साखर कारखान्याच्या गव्हाणीकडं जाणाऱ्या टायरच्या बैलगाडीला तर पाटाही नसतो, शॉकअपही नसतो. तिथला खड्डा जोखडावरून थेट बैलाच्या मानेवर उतरतो. त्याबद्दल शॉकअप काही करू शकत नाही आणि आपण करत नाही.

आता याचा परदेशातला चुलतभाऊ. त्याचं नाव कॉइलओव्हर. रक्त तेच, नळीवर गुंडाळलेली स्प्रिंग. फक्त याच्या अंगावर खाचांऐवजी आटे असतात. आख्ख्या नळीला बोल्टसारखे आटे पाडलेले, त्यावर दोन रंगीत कडी, एक स्प्रिंग धरायला आणि एक पहिलीला घट्ट करायला. डोक्यावर एक गोल बटण. ते फिरवलं की टिक टिक वाजतं, आणि प्रत्येक टिकेला आतली सुई तेलाचं दार थोडं मिटते किंवा उघडते. कुणाला तीस टिका, कुणाला बत्तीस. राहायला जपान, तैवान, जर्मनी, स्वीडन. आमच्या गड्याची जोडी दोन-तीन हजारांत येते. याच्या चार नगांचा संच आयात कर धरून लाखाच्या पुढं जातो.

आमच्या भागातली पोरं चाकणच्या कंपन्यांत कामाला लागली, हातात मोबाइल आला, आणि मोबाइलमध्ये ड्रिफ्ट आलं. धूर काढत, आडवी घसरत, पण तोंड मात्र वळणाच्या आत ठेवून जाणारी मोटार. ही कला जपानची. सत्तरच्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी नावाचा शर्यतपटू वळणात गाडी मुद्दाम घसरवून बाहेर काढायचा. ते बघून केइची त्सुचिया डोंगरातल्या घाटरस्त्यांवर तसं करू लागला आणि पुढं ड्रिफ्टचा राजा म्हणून गाजला. त्याची गाडी टोयोटाची एई८६, टनाहून हलकी, मागच्या चाकांवर चालणारी. आज या खेळाच्या रीतसर स्पर्धा होतात, त्यात नुसत्या वेगाला नव्हे तर रेषेला, कोनाला आणि डौलाला गुण असतात. २०१७ साली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघानं टोकियोत ड्रिफ्टचा चषकही भरवला.

मग पोरं विचारतात, ड्रिफ्टसाठी कॉइलओव्हर कुठला घ्यायचा? मी म्हणतो, आधी गाडी कुठली ते सांगा. स्विफ्ट असेल तर विषय संपला. तिचं इंजिन पुढची चाकं ओढतं, हँडब्रेक खेचून मागचं बूड फेकता येतं, पण ते घसरणं इंजिनाच्या जोरावर टिकवता येत नाही. ड्रिफ्टला मागची चाकं फिरवणारी गाडी लागते. आपल्या देशात अशा गाड्या म्हणजे मुख्यतः जुन्या पद्मिनी, अँब्यासिडर, कॉन्टेसा, नाहीतर जीप-बोलेरोसारख्या. नाहीतर मग एकदम बीएमडब्ल्यू, मर्सिडीज. मधली माणसं फार थोडी.

समजा गाडी आहे. तर या चुलतभावाला पारखायचं कसं? टिका किती ते आधी बघू नका. पहिल्यांदा स्प्रिंग. जपानी संचांवर स्प्रिंगचा कडकपणा किलो आणि मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. ८ किलो म्हणजे एक मिलिमीटर दाबायला आठ किलो ओझं. ऐंशी किलोचा माणूस त्या स्प्रिंगवर उभा राहिला तर ती फक्त एक सेंटिमीटर दबेल. निसान सिल्व्हियासारख्या बाराशे किलोच्या गाडीला पुढं ८ आणि मागं ६ असा जोड बराच चालतो. पुढची कडक अशासाठी की उलटं स्टिअरिंग मारल्याबरोबर गाडीनं हुकूम ऐकावा, झुकत बसू नये. मागची त्याहून मऊ अशासाठी की इंजिनाचा जोर लागला की गाडीनं मागं बसावं आणि टायरनं रस्ता धरावा.

इथं बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो. घसरायचंच आहे तर मागं पकड कशाला? पूर्वी तसंच मानत. कमी ताकदीची गाडी, मागं कडक स्प्रिंग, झिजलेले टायर, म्हणजे लवकर घसरते. पण पकड नसलेली गाडी जागच्या जागी गरगरते, पुढं जात नाही. धूर काढत वेगानं जायचं तर घसरणाऱ्या टायरनंही रस्त्याला रेटलं पाहिजे. म्हणून आता ताकद वाढवतात आणि मागं पकडही वाढवतात. मागचं चाक गाडी बसल्यावर सरळ उभं राहील असं लावतात, म्हणजे टायर सपाट झिजतो. पुढचं चाक मात्र वरून आत झुकवतात. स्टिअरिंग टोकाला गेल्यावर चाकाचा कल बदलतो, तेव्हा टायर पूर्ण रस्त्यावर टेकला पाहिजे. त्यासाठी कॉइलओव्हरच्या डोक्याला सरकणारी पट्टी असते. ती नसेल तर ड्रिफ्टला तो संच अर्धाच.

दुसरी पारख उंचीची. स्वस्त संचात गाडी खाली करायची तर स्प्रिंगचं कडं खाली फिरवतात. स्प्रिंग सैल पडते, नाहीतर शॉकअपची चाल कमी होते. चांगल्या संचात नळीचा खालचा तुकडाच वेगळा असतो, आट्यांवर वरखाली होतो. उंची बदलते, स्प्रिंगचा दाब आणि दांड्याची चाल जिथल्या तिथं राहते. दुधाच्या गाडीच्या कड्यावर जो गैरसमज, तोच इथं लाख रुपयांना पडतो.

तिसरं ते टिकांचं बटण. ड्रिफ्टमध्ये गाडी एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना डावीकडून उजवीकडं झपकन फेकली जाते. त्या क्षणी एका बाजूचे शॉकअप दबत असतात, दुसऱ्या बाजूचे उघडत असतात. उघडण्याला तेलानं जास्त अडवलं तर स्प्रिंगला परत यायला वेळ मिळत नाही, गाडी प्रत्येक धक्क्याला थोडी थोडी बसतच जाते. फार कमी अडवलं तर फेकल्यावर गाडी आणखी एकदा डोलते आणि चालकाचा अंदाज चुकतो. बहुतेक एकबटणी संचांत हे उघडणंच मुख्यतः बदलतं. दबणं आणि उघडणं वेगवेगळं बदलणारे दोन-तीन बटणांचे संचही मिळतात, पण ते ज्याला फरक कळतो त्यानं घ्यावेत. टिका नेहमी बटण पूर्ण बंद करून तिथून मागं मोजायच्या. कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू मिस्तरी असाच बंद करून दीड आटा उघडतो.

आणि चौथी पारख कुणी विचारत नाही ती. गळला तर उघडणार कोण? आमच्या गड्याला गावातला मिस्तरी सील घालून, तेल भरून वर्षभर चालवून देतो. नायट्रोजन भरलेल्या नळीला ते चालत नाही. तिला परत दाब भरायचं यंत्र लागतं, नेमक्या मापाचे सील लागतात. ज्याचे सुटे भाग देशात मिळत नाहीत तो संच कितीही नामांकित असला तरी पहिल्या गळतीला शोभेची वस्तू होतो.

सगळं जुळवून झालं तरी ते जुळलं की नाही हे कळायला रस्ता तोच पाहिजे. नगरला व्हीआरडीई या वाहन संशोधन संस्थेच्या आवारात गाड्या तपासायला मुद्दाम खराब बांधलेले रस्ते आहेत, दगड बसवलेले, लाटा उठवलेले. आपल्याकडचे लोक ऐकून हसतात, त्यासाठी नगरला कशाला जायचं म्हणतात. पण तिथला खराबपणा मापातला असतो. आज जो दगड, तोच उद्या. म्हणून काल बदललेल्या एका टिकेचा परिणाम आज कळतो. आपला खड्डा पावसागणिक नवा. ड्रिफ्ट शिकणाऱ्यालाही तेच हवं, एक बंदिस्त मैदान, एक वळण, एका वेळी एक बदल आणि खिशात वही. मोटारींच्या खेळाला महाराष्ट्रात घर नाही असं नाही. नाशिकला रॅली झाल्या आहेत, कोल्हापूरला मोहितेंच्या अकादमीत पोरं लहान गाड्या पळवायला शिकतात. पण रिकामा हायवे हे मैदान नव्हे. तिथं आडवी गाडी घालणारा स्वतःपुरता मरत नाही, आणि मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच.

दोन भावांकडं आळीपाळीनं बघताना मला राहून राहून गंमत वाटते. ड्रिफ्टच्या गाडीचं ओझं कधी बदलत नाही. बाराशे किलोची गाडी, सत्तर किलोचा चालक. मागची सीट काढून टाकलेली, डिकी रिकामी. तिच्याकडं बत्तीस टिका, आणि मालक त्या रोज बदलतो, निम्म्या वेळा का बदलतो ते त्याचं त्याला माहीत नसतं. दूधवाल्याचं ओझं सकाळी नव्वद किलोनं वाढतं आणि तासाभरात शून्यावर येतं. त्याच्याकडं पाच खाचा, आणि त्या सगळ्या चिखलाखाली. माझा कल विचाराल तर पाच खाचांचा हा गडी बत्तीस टिकांच्या भावापेक्षा जास्त कामाचा. कारण त्याच्या प्रत्येक खाचेमागं खरं ओझं उभं आहे. दोष त्याच्यात नाही. त्याला विचारायला कुणी खाली वाकत नाही, एवढीच त्याची अडचण.

तेव्हा या आठवड्यात पाना शोधा. हरवला असेल तर गॅरेजात मिळतो. कड्यावरचा चिखल काढा, गंजावर तेल सोडा, आणि गाडी मधल्या स्टँडवर घेऊन दोन्ही बाजू एकाच खाचेवर आणा. रोज दूध किंवा गोणी असेल तर चौथी-पाचवी, दोघं बसत असाल तर दुसरी-तिसरी, एकटे असाल तर पहिली. रोज फिरवणं जमणार नाही, हे मलाही कळतं. निदान जे ओझं जास्त वेळ असतं त्याची खाच तरी द्या. बदलल्यावर हेडलाइटचा झोतही तपासून घ्या. आणि शॉकअप गळायला लागला तर एकटा बदलू नका. नवा-जुना एकत्र चालत नाहीत, जोडीच घाला.